दोघांचं रक्त

बेव्हर्ली पार्क, मीरा रोड
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय जितू,

अनेक आशीर्वाद. निहार, वहिनी मजेत असतील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहितेय.

इकडे ठीक. ह्यांचे गुडघे कुरकुरतायत. काल शेजारच्या सुरुचीबरोबर एका विज्ञानाच्या कार्यक्रमाला गेले होते. भाषण असेल, डुलकी काढू म्हटलं. तर खुर्च्या गोल मांडलेल्या आणि विषय, घराण्यात चालत येणारे आजार आधीच तपासून घ्यावेत का. उठून येणार होते, पण सुरुचीला काय कारण सांगणार?

डॉ. ममता म्हणून संशोधक बाई होत्या. दहाच मिनिटं बोलल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही बोला." एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, इलाजच नहीं है तो जानके करेंगे क्या?" डोंगरीच्या एक आजी म्हणाल्या, "माला न्हाय जानायचं. पन पोराला जानायचं आसंल, तर मी कोन आडवनारी?" बाई सगळं लिहून घेत होत्या. कुणीतरी विचारलं, मग बरोबर कोण?

"ते मला एकटीला ठरवता येत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आलेय."

मला रागच आला. इतकं शिकून हेच? पण माझाच हात वर गेला. "बहिणीचा रिपोर्ट वाईट आला, तर भावाचाही तसाच ना?"

"नाही हो. आई-वडिलांपैकी एकाकडून येणारा असा दोष असला, तर प्रत्येक मुलाची शक्यता वेगळी, निम्मी-निम्मी. बहिणीवरून भावाचं काहीच कळत नाही."

पुढचं मी काही ऐकलं नाही.

जितू, बाबांचे हात थरथरायला लागले, मग ते आपल्याला ओळखेनात, हे दोघांनी पाहिलं. तेराव्याला ठरवलं, कुणीच तपासायचं नाही. मी शब्द मोडला. दोन वर्षांपूर्वी रक्त दिलं. बाबांचा दोष माझ्यात आहे. डॉक्टरांनी नंतर समजावलंही असेल, माझे कानच बंद झाले होते. वाटलं, आपलं रक्त एकच, म्हणजे तुझाही निकाल लागला. तुझ्यासमोर आले तर तोंडावर दिसेल, म्हणून निहारच्या मुंजीला आले नाही. मानपानावरून रुसले असं तू समजलास. मी समजू दिलं.

ह्यांनाही आज सकाळीच सांगितलं. ते चहा गाळत होते, पहिला कप माझ्यापुढे सरकवला.

काल घरी येताना हलकं वाटलं, लगेच त्याची लाज वाटली. तुला सांगावं की नाही, अजून कळत नाही, आणि सांगून तर बसले. तू तपास असं म्हणत नाही, नको असंही नाही. तिथे कुणी कुणाला ठरवून दिलं नाही. पण अनोळखी माणसांत जे विचारता आलं, ते घरच्यांत दोन वर्षं तोंडातून निघालं नव्हतं.

शनिवारी तुझ्याकडे येतेय. काही विचारू नकोस, नाहीतर सगळं विचार. दार मात्र उघड.

अजून तरी धडधाकट असलेली,
तुझी सुचेताताई