तापल्या सळईचा मान

३ ऑक्टोबर १९९४, सोमवार
क्रँडल टॅव्हर्नला, म्हणजे गावच्या जुन्या दारूच्या गुत्त्याला, यंदा अडीचशे वर्षं; आता तिथे म्युझियम आहे. पंधरा तारखेच्या सोहळ्यात बियर-रमचा मग जुन्या रीतीने गरम करायला त्यात तापलेली सळई मीच बुडवणार. एकोणीस वर्षं बुडवतेय. हा मान मूळ मालक जोसाया क्रँडलच्या वंशजाचा, आणि माहेरची क्रँडल गावात मी एकटीच उरलेय. आज म्युझियमचा नवा क्युरेटर ग्रिस्वोल्ड म्हणतो, मिसेस डाऊड, वंशज असल्याचा कागद लागेल. मी म्हटलं, माझं नाक बघ आणि भिंतीवरच्या तसबिरीतल्या जोसायाचं बघ. म्हणाला, नाकाला फाइल नंबर देता येत नाही. शुक्रवारपर्यंत आणा, नाहीतर सळई लोर्ना पिकेटकडे. लोर्ना म्हणजे रिटायर्ड मास्तरीण. काडी पेटवायलाही चष्मा शोधते.
ठरलं. उद्या माळ्यावरून घरचं बायबल काढायचं. जन्म-मृत्यू सगळे त्याच्या पहिल्या पानांवर आहेत.

४ ऑक्टोबर
गुडघा. उद्या नक्की.

५ ऑक्टोबर
सफरचंदाचा मुरंबा चुलीवर, सोडून जाता येईना. सून जॉइस म्हणाली, आई, मी चढते माळ्यावर. म्हटलं, माझ्या पूर्वजांना परका हात नको. म्हणाली, एकवीस वर्षं तुमचं धुणं धुतेय, अजून परकी का? मुरंबा करपला तो तिच्या बडबडीमुळे. मला कसली भीती.

६ ऑक्टोबर, दुपारी ३
लोर्ना टॅव्हर्नच्या मागे थंड सळई बादलीत बुडवून सराव करत होती. मी विचारलं, पेंड कालवतेस का गं? म्हणाली, अल्मा, तुझं मनगट थरथरतं म्हणून मला विचारलंय त्यांनी.
माझं मनगट थरथरत नाही. हे पेनच भिकार आहे.

७ ऑक्टोबर, शुक्रवार, सकाळ
चढले. बायबल काढलं. जोसाया कुठेच नाही. सर्वांत वरचं नाव असाहेल क्रँडल, नदीपलीकडचा, कोळसा पाडणारा. बापाच्या नावाची जागा कोरी. म्हणजे जोसायाचाच मुलगा. एवढा मोठा बाप, सगळ्यांना माहीत, लिहायचं कशाला? पेन हातात होतं. दोनदा टोपण काढलं. लिहिलं नाही.

दुपार
ग्रिस्वोल्डने हातमोजे घालून पानं उलटली. म्हणाला, जोसायाला मूलबाळ नव्हतं, चर्चच्या नोंदीत आहे. मी म्हटलं, चर्चला काय सगळं सांगतात? तो हसला नाही. मग पहिल्या नावावर बोट ठेवलं. म्हणाला, असाहेल हे नाव मी टॅव्हर्नच्या कागदात वाचलंय, बुधवारी सांगतो.
म्हणजे झालंच.

१० ऑक्टोबर
झोप नाही. आनंदाने.

१२ ऑक्टोबर, बुधवार
फोन आला. असाहेल सापडला, १७७१चा कागद. मी फोन हातात धरूनच जॉइसला ओरडून सांगितलं की माझा काळा झगा बाहेर काढ. मग त्याने पुढचं वाचलं. त्या काळी गावचे पंच अट्टल पिणाऱ्यांची यादी टॅव्हर्नच्या दाराला ठोकत. यांना थेंब देऊ नये, उंबऱ्याआत घेऊ नये. यादीत तीन नावं. असाहेल पहिला. ग्रिस्वोल्ड म्हणाला, मिसेस डाऊड, असा वंशज राज्यातल्या दुसऱ्या कुठल्या म्युझियमकडे नाही.
जॉइसने विचारलं, काय म्हणाला? म्हटलं, माझ्याशिवाय सोहळा होणार नाही म्हणाला.

१५ ऑक्टोबर
सळई लोर्नाने बुडवली. चर्र झालेलं बाहेर ऐकू आलं, मग टाळ्या. मी दाराबाहेर, असाहेलची वंशज म्हणून, दाराला ठोकलेल्या यादीशेजारी उभी. लोक माझ्यासोबत फोटो काढायचे आणि आत जायचे. यादीत आमचं नाव पहिलं. लोर्नाच्या घराण्याचं तिसरंसुद्धा नाही, हे मी चौघांना दाखवलं.
जॉइस माझ्यासाठी मग घेऊन आली. ग्रिस्वोल्डने तिला उंबऱ्यावर अडवलं. म्हणाला, यांना आज देता येणार नाही, लोक बघतायत. जॉइसने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्यासमोर उभं राहून सगळं पिऊन टाकलं.
म्हणाली, कोमट होतं, आई.