निघाली, पण गेली नाही

१ जुलै

टेबल मिळालं! खिडकीजवळचं नाही, जिन्याजवळचं. पण माझं. एक खण, त्याला किल्ली.

धैर्यशीलदादांनी अट तोंडावर सांगितली, मालक लोक सांगतात तशी. ‘तीन म्हैने बघतो. कबनूरचं शेड, इचलकरंजीचं गोडाऊन आन् हे कोल्हापूरचं ऑफिस — तिन्ही एकमेकाला फोन न करता चालली पायजेत. दिवसभर फोन, फोन, फोन! डोस्कं उठलंय माझं. जमलं तर तू कायम. न्हाय जमलं तर आपलं जुनंच बरं. तू बी मोकळी, मी बी मोकळा.’

मोकळी म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. मोकळी म्हणजे गावाकडं, चंदगडला परत जाणारी एसटी. मामांनी एक स्थळ बघून ठेवलंय, ते दिवाळीपर्यंत थांबणार आहेत म्हणे. बाबा मात्र गावात सांगत सुटलेत — क्रांती हापिसर झाली! आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं दार कुणी बघितलं नव्हतं. आई विचारत होती, तुझी खुर्ची बघाय कवा येऊ? म्हटलं, कायम झाले की. त्याआधी नको.

४ जुलै

कागदावर आकृती काढली. कशी सुंदर दिसते!

शेडमध्ये मागावरून कापडाचा तागा उतरला, की तिथंच नोंद. गोडाऊनला गाठी बांधल्या, की नोंद. ट्रक फाटकाबाहेर पडला, की बिल आपोआप, रस्त्यावर लागणारं ई-वे बिल आपोआप, भिवंडीच्या व्यापाऱ्याला ‘माल निघाला’ असा मेसेज आपोआप. आतापर्यंत काय व्हायचं — सूत किती उरलंय हे शेडला ठाऊक, ऑफिसला नाही. ऑफिस पुन्हा सूत घ्यायचं. कापड तयार पडून, आणि बिल आठवडाभर उशिरा. तीन माणसं तीन दिशांना बघत बसलेली. त्यांना एका खिडकीतून एकच गोष्ट दिसली तर? भांडण कशावर करणार?

अकाउंटचे अतुल सर माझ्या मागे उभं राहून बघत होते. म्हणाले, ‘चित्र छान आहे. माझ्या हिशेबात मात्र बोट घालू नकोस.’ मग डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मीही माझा डबा उघडला.

९ जुलै

नवी सिस्टीम सगळ्यांच्या मोबाईलवर आली, आणि सकाळपासून कबनूरहून फोन. तिथले दिवाणजी यल्लाप्पा, शेडचं सगळं तेच बघतात. साठीचे असतील, मला अक्का म्हणतात!

‘अक्का, हिरवं बटन दाबलो, तांबडं झालं की हो!’

‘मामा, आधी ताग्याचा नंबर घाला.’

‘घातलो.’

‘मग मीटर.’

‘ते कुठं इचारतंय ते?... हां, इचारलं, इचारलं! लई भोचक हाय हे.’

फोन ठेवताना रोज एकच, ‘जेवलासा का?’ या शहरात मला हा प्रश्न विचारणारं दुसरं कुणी नाही. खोलीच्या मालकीणबाई फक्त नळ बंद केला का ते विचारतात.

१५ जुलै

सगळे चुकतात. सगळे फोन करतात. दादा जिन्यातून जाताना म्हणाले, ‘फोन कमी व्हायचे ऐवजी वाढलं की गं!’ हसत म्हणाले, पण म्हणाले.

२३ जुलै

पहिला ट्रक नव्या पद्धतीनं गेला! पिराजी ड्रायव्हर. दुपारी फाटकाबाहेर पडल्याची नोंद आली आणि माझ्या डोळ्यांदेखत बिल तयार झालं, ई-वे बिल झालं, भिवंडीला मेसेज गेला. कुणी कुणाला फोन केला नाही. मी टाळी वाजवली — एकटीच! अतुल सरांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली.

२६ जुलै

वाईट. फार वाईट.

ट्रक पुण्याच्या पुढं जीएसटीवाल्यांनी अडवला. ई-वे बिलाची मुदत संपलेली. तिकडे भिवंडीचा व्यापारी परवापासून हमाल लावून बसलाय, कारण त्याला मेसेज मिळालेला — माल निघाला. तो दादांवर ओरडला, दादा माझ्यावर. सगळ्यांसमोर. ‘आमच्या फोनात अशी चूक कवा झाली नव्हती!’

मला एवढंच कळत नाही — ट्रक २३ ला निघाला. रस्ता एका दिवसाचा. मधले दिवस गेले कुठं?

२८ जुलै

इचलकरंजीला जाऊन आले. पिराजी गोडाऊनबाहेर चहा पीत होता. मला बघून बाकावर सरकला. ‘या, बसा. शिव्या द्यायला आलासा न्हवं? आधी च्या घ्या.’

मी विचारलं, गाडी दोन दिवस कुठं होती.

‘नाक्यावरच्या पंपावर.’

‘बंद पडली?’

‘बंद कशापायी पडंल? अवस हुती की २४ ला! अवसेला गाडी भाईर काढायची न्हाय, हे तुमच्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलं न्हाय व्हय?’

‘पण तुम्ही तर अमावस्येच्या आदल्या दिवशीच बाहेर काढलीत!’

‘काढली की. प्रस्थान ठेवलं. आदल्या दिवशी फाटकाभाईर काढायची, नारळ फोडायचा, पंपावर लावायची. म्हंजी निघाली. मग अवस उलटली की जायाचं. मालक बी खूश, देव बी खूश.’

‘म्हणजे गाडी निघाली की नाही निघाली?’

पिराजीनं माझ्याकडं असं बघितलं, जसं लहान पोरीला सांगावं. ‘निघाली. पर गेली न्हाय.’

चहावाल्यासकट सगळे हसले. मला हसू आलं नाही. येताना एसटीत आलं — आणि मग ते सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

२९ जुलै

दादांना म्हटलं, ही पद्धत बंद करा. आमच्या घरात आज्यानं अवस-पुनव पाळणं कधीच सोडलं, काही बिघडलं नाही आमचं. जरा जोरातच म्हटलं.

‘तुमच्या आज्यानं सोडलं असंल. माझ्या आज्यानं न्हाय,’ दादा म्हणाले. ‘गाडी अवसेला जाणार न्हाय. तुझी सिस्टीम बदल, न्हायतर काढून टाक.’

अतुल सर हळूच, ‘एवढी शिकलीस, पंचांग तेवढं राहिलं!’

खोलीवर येऊन रडले. मग भात लावला. भात शिजेपर्यंत विचार करत बसले. मी बरोबर आहे याची मला खात्री आहे. पण बरोबर असून ट्रक पुण्यापाशीच अडकणार असेल, तर त्या बरोबरचं करायचं काय?

१ ऑगस्ट

सिस्टीम बदलली. पूर्वी दोनच पायऱ्या होत्या — भरली, गेली. आता मध्ये एक तिसरी घातली. तिचं नाव ‘प्रस्थान’!

गाडी फाटकाबाहेर पडली की पिराजी मोबाईलवर ‘प्रस्थान’ दाबणार. तेव्हा बिल नाही, मेसेज नाही, काही नाही. पंपावरून खरोखर हलणार तेव्हा ‘गेली’. तेव्हाच सगळं. आणि वर्षभराच्या अवसा आधीच भरून ठेवल्या. भिवंडीला महिनाभर आधी तारखा कळतील, त्यांचे हमाल रिकामे बसणार नाहीत.

सिस्टीम कंपनीच्या माणसानं फोनवर तीनदा विचारलं, मॅडम, या स्टेजचा अर्थ काय? म्हटलं, निघाली पण गेली नाही. तो म्हणाला, स्पेलिंग सांगा.

२२ ऑगस्ट

उद्या पुन्हा अवस. आज प्रस्थान ठेवलं. पिराजीनं बटण दाबलं, खाली शेरा लिहिला — ‘नारळ फोडला’. शेरा लिहायची सोय मी दिली होती, नारळासाठी नव्हती. राहू दे!

२५ ऑगस्ट

माल वेळेत पोचला. व्यापाऱ्याचे पैसेही वेळेत आले, कारण बिल आणि माल पहिल्यांदाच एका दिवशी त्याच्या दारात होते. अतुल सर माझ्या टेबलाशी आले. स्वतःहून! ‘बघू गं तुझं चित्र,’ म्हणाले.

बघता बघता आम्हाला दोघांनाही एकदमच दिसलं. त्यांच्या हिशेबात सुताच्या गाडीचं भाडं, भिवंडीहून कबनूरला. माझ्या नोंदीत पिराजीची गाडी, भिवंडीहून कबनूरला — रिकामी. वर्षानुवर्षं! एक भाड्याची गाडी भरलेली येते, तिच्यामागून आपलीच दुसरी रिकामी. हिशेब एका खोलीत आणि गाडी दुसऱ्या गावात, म्हणून कुणाला दिसलं नाही.

‘आईशप्पथ,’ अतुल सर म्हणाले. मी त्यांना असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

३ सप्टेंबर

परतीची गाडी आता सूत घेऊन येते. पिराजी खूश. ‘रिकामी गाडी लई आपटती ओ, कंबर मोडती. भरली की कशी डुलत येती!’ दादांनी विचारलं, हे आधी का कुणी सांगितलं नाही? मग माझ्याकडं बघून म्हणाले, ‘पोरगी कामाची हाय.’

११ सप्टेंबर

आज एकही फोन नाही.

१२ सप्टेंबर

आजही नाही. जमलं की! मग असं का वाटतंय?

१७ सप्टेंबर

स्क्रीनवर सगळं दिसतं. कबनूरला तागा उतरला, इचलकरंजीला गाठ बांधली, पिराजी घाट उतरला. सगळे कामात आहेत, मला दिसतायत, आणि माझ्याशी कुणी बोलत नाही. अतुल सर सध्या सकाळी आपलं काम उरकून दुपारी घरी जातात — आता उरकतं ना! दुपारभर पंखा आणि मी. डबा टेबलावरच खाल्ला.

१९ सप्टेंबर

राहवलं नाही. यल्लाप्पा मामांना मीच फोन केला.

‘काय चुकलं काय अक्का?’ आवाज घाबरलेला.

‘नाही मामा, सहजच.’

‘सहज?’ मागं मागांचा खडखडाट. मग हळू आवाजात म्हणाले, ‘अक्का, फोन ठेवा. तुमचं कायम व्हायचं हाय न्हवं? दादा मोजत्यात फोन. आमी सगळ्यांनी ठरवलंय, अडलं तरी अक्काला फोन करायचा न्हाय. त्या पोरीचं नुकसान नगो.’

म्हणजे बोलावंसं वाटत नव्हतं असं नाही. माझ्यासाठी गप्प होते.

जेवलासा का, हे विचारायच्या आधीच त्यांनी फोन ठेवला.

२९ सप्टेंबर

उद्या तीन महिने पुरे. दादांनी सकाळी दहाला बोलावलंय. आईनं विचारलं, रविवारी येऊ का गं? म्हटलं, उद्या सांगते. टेबल पुसून ठेवलं. पेनं एका डब्यात लावली.

३० सप्टेंबर

कायम झाले. पत्र हातात आहे. दादांनी पेढा भरवला आणि म्हणाले, ‘अजून एक आनंदाची बातमी. सगळं मोबाईलवर दिसतंय, मग ह्या जागेला भाडं कशापायी भरायचं? आज म्हैनाअखेर सोडून टाकली. उद्यापासनं तू आन् अतुल, दोघं आपापल्या घरनंच बघा. याया-जायाचा तरास न्हाय!’ त्यांना खरंच वाटत होतं की मी खूश होईन. मी थँक्यू म्हणाले. हमाल टेबल-खुर्ची उचलून खाली घेऊन गेले. खणाची किल्ली माझ्याकडंच राहिली होती, ती मी जिन्यात पळत जाऊन दिली.

आईचा फोन आला. ‘झालीस का गं कायम? मग रविवारी येतो की मी, खुर्ची बघाय!’

मी ‘ये’ म्हणाले.