पडद्याआधी आलेला आवाज

वळसंग

प्रिय श्रीशैल,

आधी ओळख सांगते, नाहीतर कुणाची म्हातारी म्हणून डोकं खाजवत बसशील. मी चंद्रव्वा, तुझ्या बापाची आई. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू 'बघतो' म्हणालास आणि विसरलास. म्हणून आता कागदावर घालतेय. लिहितेय तुझी आत्तेबहीण दानेश्वरी. माझं बोलणं नीटनेटकं करते आणि वर हसते.

दिवाळीला तू तुझ्या आजोबांच्या, अज्जांच्या खोलीत जुना कॉम्प्युटर मांडलास, तो चालवायला त्यात ते लिनक्स घातलंस. सकाळी नुसतं बटण दाबायचं, पुढं सगळं आपोआप. माझा व्हिडिओ भरून ठेवलाय, पडद्यावर येऊन मी शरणांची वचनं वाचून दाखवेन, आज्जीला अक्षर ओळखायची गरज नाही, असं सांगून गेलास. बटण मी दाबते की. निळ्या डोंगराचं चित्र येतं आणि डोंगरच राहतो. इकडं अज्जा लिंगपूजा आटोपून, विभूती लावून खुर्चीत. त्यांना धूसर दिसतं, कालचं आज आठवत नाही, पण तुझा आवाज ऐकल्याशिवाय दुधात भाकरी कुस्करायची नाही, एवढं मात्र पक्कं. लई दिवस मी त्या डोंगराला शिव्या घातल्या.

दानेश्वरी चिंचोळीच्या कारखान्यात कॉम्प्युटरच सांभाळते. रविवारी तिनं उघडून बघितलं. तिनं सांगितलेलं मला कळलं, तुला कसं सुचलं नाही? तू यंत्राला सांगून ठेवलंस, कॉम्प्युटरातलं अज्जांचं खातं उघडलं की श्रीशैलचा कार्यक्रम सोड. पण खातं उघडतं आधी, पडदा उभा राहतो मागून. तुझा कार्यक्रम धावत येतो, पडदा दिसत नाही म्हणून तिथंच मरतो, आणि त्याला पुन्हा कुणी उठवत नाही. मांडव पडायच्या आधीच वाजंत्री येऊन परत गेली म्हण की. घरातली सात लग्नं मी काढली. कुणाच्या मागून कुणाला बोलवायचं, हे मला शाळेत न जाता कळतं. दानेश्वरीनं दोन ओळी बदलल्या: पडदा पुरता उभा राहिला की ये, पडदा गेला की तूही जा. झालं. सोमवारपासून तू रोज वेळेवर येतोस, जन्मात पहिल्यांदा.

आता खरं दुखणं सांगते. वचनं संपली की तू हसून म्हणतोस, "अज्जा, सोमवारी येतो." दिवाळीत बोललास, विसरलास. अज्जा ते रोज नव्यानं ऐकतात. रोजच त्यांचा सोमवार. धुतलेला पटका मागून घेतात आणि एसटी थांब्याकडं तोंड करून कट्ट्यावर बसतात, ऊन डोक्यावर येईपर्यंत. दानेश्वरी म्हणाली, तेवढं वाक्य कापून टाकते. मी तिचा हात धरला. वाक्य राहू दे. ते खरं करणं तुझ्याकडं लागलं, आणि ते काही आपोआप होणारं नाही.

तुझीच,
डोंगराला शिव्या घालणारी आज्जी

ता. क. अज्जांना मैसूरपाक पाठव. मऊ, तुपातला, त्यांना दात नाहीत. कुरियरनं आला तर तसाच परत लावीन. येत्या सोमवारी, तुझ्याच हातून पाठव.