वाढत्या अंगाचं जंगल

चि. झुडूपबाई हिस,

मामाचे अनेक आशीर्वाद; त्यातले निम्मे तुला आणि निम्मे तुझ्या प्लास्टरमधल्या पायाला, लवकर बरा होण्यासाठी. तुझी खुशाली विचारत नाही, कारण ती तुझी आई रोज सकाळी फोन करून सविस्तर कळवते (काल अंगठ्याला खाज सुटली होती, हेही समजलं). इकडे मी ठीक आहे. तुझी मामीही ठीक आहे, फक्त माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे येईल. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच बोलतेस. जन्मभर आरशासमोर उभ्या गिऱ्हाइकांचं ऐकून घेतलेल्या शिंप्याला एकदा तरी सलग बोलायला मिळावं, एवढीच इच्छा आहे.

ओढ्यातल्या दगडावरून घसरून तू पाय मोडून घेतलास, तेव्हा मला वाईट वाटलं. पण ‘मामा, आता माझी जंगलातली मोजणी तूच कर, तुला माप घेता येतं आणि दुकान बंद केल्यापासून तुला वेळही आहे,’ असं म्हणालीस, तेव्हा जास्त वाईट वाटलं. पहिलं कारण मान्य. दुसरं तोंडावर बोलायची गरज नव्हती. तरी निघालो, कारण ओढ्याला पाणी चढायच्या आत मोजणी झाली नाही तर तुझं संशोधनाचं वर्ष वाया जाणार, एवढं मलाही कळत होतं. मामीला वाटलं मी बागेत फुलं बघायला चाललोय, म्हणून तिनं मला इस्त्रीची पँट घालून पाठवलं.

माझी समजूत अशी, की जंगल म्हणजे झाडं. मान वर करायची, मोजायची आणि परत यायचं. तुझ्या सूचना वाचतो तर मोठ्या झाडांना तू हिशेबातच धरलेलं नाही. त्यांच्या पायाशी जी मंडळी सावलीत दिवस काढतात, म्हणजे नेचे, रानआलं, अळूचे लांबचे भाऊबंद आणि बोटभर उंचीची रोपं, तेवढीच तुला हवीत. कापडाच्या दुकानात जाऊन तागे सोडायचे आणि खाली पडलेल्या चिंध्या मोजायच्या, असा हा प्रकार वाटला. त्यातून पाण्याच्या कडेला चौकोन मांडायचा, आतल्या प्रत्येक रोपाला दोरा बांधायचा (दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून), नव्या जातीचा फोटो काढायचा, आणि मग तेच सगळं काठापासून थोडं वर, मग आणखी वर. वाकून वाकून माझी कंबर शिलाई मशीनवर कधी दुखली नव्हती इतकी दुखली.

सकाळी सगळं एकच हिरवं दिसत होतं. दुपारपर्यंत मात्र डोळा बसला. काळ्या पँटला नेमका कुठला काळा दोरा लागेल हे ओळखण्यात ज्याची नजर गेली (खरोखरच गेली, चष्मा बघ केवढा जाड आहे), त्याला हिरव्यातला फरक कळायला कितीसा वेळ लागणार? तुमची ती लांबलचक शास्त्रीय नावं मला झेपली नाहीत, म्हणून मी आपली नावं ठेवली. कॉलरला धरून ठेवणारी ती काटेरी वेल म्हणजे ‘हट्टी गिऱ्हाईक’. आणि पाण्याला अगदी चिकटून वाढणारं ते गुलाबी देठाचं रोप, ज्याच्या पानाची एक बाजू मोठी आणि दुसरी लहान असते, ते ‘अर्धी बाही’. असा कोट मी शिवून दिला असता तर गिऱ्हाइकानं तो माझ्या अंगावर फेकला असता, पण त्या पानाला ते शोभतं. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत बसलो होतो.

सोबत जंगलखात्याचा गार्ड होता. त्याला बोलायचा मोठा कंटाळा. ‘मामा, त्या दगडावर पाय नका ठेवू,’ एवढंच तो बोलला, तेही मी पाय ठेवल्यावर. तो तुझाच दगड. मी सरळ ओढ्यात जाऊन बसलो. मापाची टेप तेवढी हात वर करून कोरडी ठेवली. या गडबडीत, पहिला चौकोन मांडायच्या आधीच, तुझी ती पांढऱ्या नळ्यांची चौकट ओढ्यानं नेली. पण पिशवीत जाड सुती पट्टी होती, सुई-दोरा आणि कात्री तर असतेच. काठावर बसून नवी चौकट शिवून काढली. गार्ड बघत उभा होता. इतका जवळ उभा होता, की मी त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटणही लावून दिलं.

जळवांबद्दल तू एक अक्षर बोलली नव्हतीस. त्यांना इस्त्रीच्या पँटची काही कदर नाही. घरी आल्यावर माझ्या मोज्यातून एक बाहेर पडली आणि मामीच्या स्वयंपाकघराकडे निघाली. तेव्हापासून अबोला आहे. पुन्हा त्या जंगलात पाऊल टाकणार नाही, अशी मी मामीसमोर शपथ घेतली आणि ती मनापासून घेतली. माझ्या वयाच्या माणसाची जागा आरामखुर्चीत आहे, हे मला आता पुरतं पटलंय.

तरी परवा तुझा फोन आला आणि सगळी कंबरदुखी पळाली. पाण्याजवळच्या चौकोनांत गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ जास्त जाती निघाल्या, तुझे सर खूश आहेत, पुढच्या आठवड्यात तू हे सगळ्यांसमोर मांडणार आहेस, आणि ‘अर्धी बाही’ तर सरांना फारच आवडली, हे ऐकून मला भरून आलं. दुकान बंद केल्यापासून माझ्या हातचं काम कुणाला आवडल्याचं कानावर आलं नव्हतं.

तुझा,
(आता कायमचा निवृत्त) मामा

ता. क. नवी चौकट कुरियरनं सोबत पाठवतोय. तिचं माप घेऊ नकोस.

आणखी ता. क. घेशीलच, म्हणून सांगतो. वाढत्या अंगाचं गिऱ्हाईक असलं की आम्ही मार्जिन सढळ हातानं सोडतो, आणि जंगलाइतकं वाढतं अंग मी तरी पाहिलेलं नाही. हाताच्या सवयीनं खऱ्या मापावर खूण करून चारी बाजूंना वीतभर पट्टी जास्त सोडली गेली. कापड मोजताना मार्जिन धरूनच मोजतात, म्हणून रोपंही तशीच मोजली. काठापासून वर रोपं विरळ, तिथे फारसं बिघडत नाही. पण पाण्याजवळ एवढी दाटी, की वीतभर जागेत अख्खी वस्ती मावते. तुझा फोन झाल्यावर पट्टी धुऊन वाळत घालताना हे लक्षात आलं. तेव्हा जाती वाढल्या की माझा चौकोन वाढला, हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. अर्धी बाही मार्जिनमध्येच उभी आहे. फार वाईट वाटतंय, झुडूपबाई. वरची सगळी बडबड इथपर्यंत पोचायला उशीर व्हावा म्हणूनच केली.

अजून एक. घाबरू नकोस. आतल्या रोपांना मी लाल दोरा बांधलाय आणि मार्जिनमधल्यांना कच्च्या शिलाईचा पांढरा. पुढे उसवावं लागेल अशा ठिकाणी माझा हात आपोआप पांढऱ्याकडे जातो. कुणीतरी जाऊन पांढरे दोरेवाले वगळले की तुझं माप बरोबर. फक्त हे पाणी चढायच्या आत व्हायला हवं, कारण सगळ्यात आधी पाण्याजवळचेच चौकोन बुडणार. कुणीतरी म्हणजे मीच. गार्डशी बोलणं झालंय (तो ‘या’ म्हणाला). तू एवढंच कर: पत्र मिळताच मामीला फोन करून सांग, की मामा नको नको म्हणत असताना मीच त्याला गळ घातली. जरा रडवेल्या आवाजात सांगितलंस तर बरं.

हे शेवटचं. वर तुझ्या पायाला दिलेले आशीर्वाद तूर्त राखून ठेवतो. पाय सावकाश बरा होऊ दे, अजिबात घाई करू नकोस. ओढ्याच्या पलीकडच्या काठाला अजून कुणी टेप लावलेली नाही.