चोवीस ठोकळे आणि एक खुर्ची

२ जानेवारी, सकाळी ६.१०
नव्या वर्षाचे संकल्प. एक, पोहायला शिकणे. दोन, चहात साखर बंद. तीन, तळमजल्यावरच्या मातीशी बोलणे बंद. (माती म्हणजे आमच्याच ऑफिसातला रिटायर्ड गृहस्थ. मी काँक्रीट लॅबचा इन्चार्ज, तो माती सेक्शनचा. लॅब दुसऱ्या मजल्यावर होती, माती सेक्शन तळघरात. उगाच नव्हतं ते.) पोहणं उद्यापासून. आज पाणी गार असणार.

६.२५
साखर घातली. एकदम सोडली तर शरीराला धक्का बसतो.

५ जानेवारी
लेक इथल्या किनाऱ्यावर डायव्हिंग शिकवते. बोट नाही, काही नाही. पाठीला हवेची टाकी बांधायची आणि किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं. अडचण एकच, आत बघायला काही नाही. वाळू, आणि पुढे गेल्यावर पुन्हा वाळू. टेकडीपलीकडच्या किनाऱ्याला खडक आहेत, मासे आहेत, म्हणून गिऱ्हाईक तिकडे. आज जेवताना तिने सांगितलं, दूरच्या बेटावरच्या एका मोठ्या सेंटरने नोकरी देऊ केलीय. एक मार्चपर्यंत कळवायचंय. ही म्हणाली, चांगलं झालं, जाऊ दे तिला. मी पाणी प्यायलो, दोन ग्लास.

६ जानेवारी, पहाटे ५
सुचलं! खडक नाहीत तर खडक बनवायचे. आर्टिफिशियल रीफ. काँक्रीटचे ठोकळे समुद्रात सोडायचे. ठोकळ्यांवर शेवाळ, शेवाळामागे मासे, माशांमागे माणसं. एकतीस वर्षं काँक्रीट तपासलेला माणूस घरात बसलेला असताना हे कोणाला सुचू नये?
लेक जाऊ नये म्हणून हे करतोय असं मुळीच नाही. हे समाजकार्य आहे.

१४ जानेवारी
बंदर ऑफिसात चौथी फेरी. साहेब जागेवर नाहीत. खुर्चीवर त्यांचा कोट होता.

२९ जानेवारी
परवानगी मिळाली! चोवीस ठोकळे, एकेक साठ किलोचा. लेकीला कागद दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग म्हणाली, बाबा, आधी एकदा माझ्याबरोबर पाण्यात उतरा, तळ कसा आहे ते स्वतः बघा. मी म्हटलं, कान दुखतो. कोणता, असं विचारलं. दोन्ही, म्हटलं.

३ फेब्रुवारी
डिझाइन. प्रत्येक ठोकळ्याला चार भोकं, सगळी दहा सेंटिमीटरची. लेकीचं म्हणणं, भोकं लहानमोठी हवीत, मासेही लहानमोठे असतात. समजावलं की एका मापाला क्वालिटी म्हणतात. माशांना सवय होईल.
तिने पुन्हा विचारलं, रविवारी येता का. गुडघा.

१० फेब्रुवारी
सोसायटीच्या पार्किंगमध्ये चोवीस ठोकळे ओतले. काय माल झालाय! आता ओल्या गोणपाटाखाली अठ्ठावीस दिवस ठेवायचे, दिवसातून तीनदा पाणी मारायचं, म्हणजेच क्युअरिंग. अठ्ठावीस दिवसांत काँक्रीट पूर्ण ताकद धरतं. हा नियम आहे. एक दिवस कमी नाही, जास्त नाही. माणसांचंही तेच असावं.
ही म्हणाली, घरातल्या कुंड्यांना कधी एवढं पाणी घातलं नाहीत.

१६ फेब्रुवारी
माती आला. बोलायचं नव्हतं, पण तोच बोलला. ठोकळ्यांवर हात फिरवून म्हणाला, झकास झालेत. इथवर ठीक. मग विचारलं, तळ तपासलास का? सळई खुपसून बघतो म्हणाला, तासाभराचं काम. मी म्हटलं, समुद्राखाली वाळू आहे, पोरंसुद्धा सांगतील. तो म्हणाला, वरची वाळू म्हणजे नुसती चादर. खाली चिखलाची गादी किती जाड आहे ते बघावं लागतं. तळघरात आयुष्य काढलं की माणूस असा होतो.
लेकही तेच म्हणाली. तिचा हात तळात कोपरापर्यंत जातो. मी म्हटलं, तुझे हात बारीक आहेत.

२० फेब्रुवारी
लेक म्हणाली, निदान कमरेएवढ्या पाण्यात तरी या, मी हात धरते. दुपारी तीनचं पाणी मारायचं होतं. आता चुकवलं तर तडा जाईल.

१ मार्च
तिने होकार कळवला. अठ्ठावीस मार्चला निघणार.
काही हरकत नाही. रीफ अकराला पाण्यात. मासे आले की ती आपोआप बेत बदलेल. ठोकळ्यांना अजून नऊ दिवस हवेत. ही म्हणाली, नऊ दिवस ते दगड सोडा आणि लेकीजवळ बसा. बायकांना क्युअरिंग कळत नाही.

११ मार्च, संध्याकाळी ७
ऐतिहासिक दिवस! नाववाल्याची सपाट बोट, दोन खेपा, चोवीस ठोकळे. मी बोटीवर, रिटायरमेंटला ऑफिसने दिलेल्या लोखंडी खुर्चीत बसून देखरेख केली. लेक पाण्याखाली ठोकळे जागच्या जागी लावत होती. किनाऱ्यापासून ऐंशी पावलं, खोली पुरुषभर की दोन पुरुष, तिला माहीत.
एकच किरकोळ प्रकार. शेवटचा ठोकळा सुटला तेव्हा टाळ्या वाजवायला मी उभा राहिलो, बोट कलली, खुर्ची गेली. मीही जाणार होतो, नाववाल्याने कॉलर धरली. म्हणाला, साहेब, पोहता येतं का? म्हटलं, जानेवारीपासून शिकतोय.

१३ मार्च
लेक बघून आली. ठोकळे तळात थोडे बसलेत म्हणाली. बसणारच. कुठलंही बांधकाम थोडं बसतं.

१७ मार्च
निम्म्यापर्यंत बसलेत.

२१ मार्च
लेकीला ठोकळे सापडले नाहीत. हाताने चाचपलं तेव्हा खोल चिखलात एकाचा कोपरा लागला. रीफ चोरीला गेलं असावं का, असं मी विचारलं. ती मास्क धुवायला गेली. ही बोलली. ते इथे लिहीत नाही.
मूळ दोष समुद्राचा. ठोकळ्यांच्या ताकदीत काही खोट नाही. माझ्या मते ते खाली अजून मजबूत होत असतील.

२२ मार्च
जिन्यात माती भेटला. म्हणेल आता, मी सांगितलं होतं. म्हणाला नाही. पोरगी कधी निघते विचारलं, आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन वरपर्यंत आला. यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

२८ मार्च, सकाळी ११
पहाटे लेकीने उठवलं. कान, गुडघा, दोन्ही सांगून झालं. ऐकलं नाही. मला टायरच्या ट्यूबमध्ये अडकवलं, डोळ्यांना मास्क लावला आणि ओढत ऐंशी पावलं आत नेलं. मी डोळे मिटून होतो. तोंड पाण्यात घाला म्हणाली. घातलं.
खाली माझी खुर्ची. हलकी, म्हणून पूर्ण रुतली नाही. चार पाय चिखलात, बाकी वर, सरळ उभी. सीटवर एक खेकडा ऐसपैस बसलेला, खाली माशांचा घोळका. लहानमोठे होते. दहा सेंटिमीटरचा एकही नाही.
चार मिनिटं बघितलं. एकदाही भीती वाटली नाही, कारण तिने हात सोडला नाही. वर आल्यावर तिने विचारलं, दिसलं का? म्हटलं, दिसलं. म्हणाली, एवढंच हवं होतं मला, जानेवारीपासून.

दुपारी २
बसस्टॉपवरून परत आलो. डोळे लाल आहेत असं ही म्हणते. मास्कमध्ये पाणी शिरलं होतं. खारट होतं, म्हणजे समुद्राचंच.

२५ एप्रिल
लेक जाऊन आज अठ्ठावीस दिवस. नियमाप्रमाणे एव्हाना पूर्ण ताकद यायला हवी. टेस्ट म्हणून सकाळी तिच्या खोलीचं दार उघडलं. दाराआड तिचा जुना मास्क खुंटीला होता.
निकाल: नापास.
चहात साखर घातली. संध्याकाळी पाण्यात जायचंय, कमरेएवढ्या. माती हात धरणार आहे.