चालण्याविषयीचे तुझे पहिले उत्तर

प्रिय ग्रेसी,

तुला पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. तू नंदाखालला, मी बोळिंजला. रिक्षाने पंधरा मिनिटांत पोहोचणाऱ्या सख्ख्या बहिणीला पत्र कोण लिहिते? आणि लिहिले असते तरी तू म्हणाली असतीस, "बाय, फोन करायचा ना! एवढी जोडाक्षरं कोण वाचत बसणार?" आज लिहिते आहे, कारण आज सकाळी तुझे उत्तर मी एका परक्या मुलीच्या तोंडून ऐकले आणि मला वर्ग अर्ध्यावर सोडून घरी यावे लागले. इतक्या वर्षांच्या अध्यापनात असे कधी घडले नव्हते. तापातही मी तास पूर्ण केलेले आहेत.

मुलीचे नाव अंकिता. नालासोपाऱ्याला राहते, परिचारिका आहे, परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजी संभाषणाची परीक्षा देणार आहे. मी नेहमीचा प्रश्न विचारला: तुम्ही रोज चालता का? कुठे, केव्हा? तिने डोळे मिटले आणि एका दमात इंग्रजीत म्हणून दाखवले, "मी रोज सायंकाळी केळीच्या बागांमधल्या शांत रस्त्याने चालते. चालल्याने मन ताजेतवाने होते आणि दिवसभराचा शीण नाहीसा होतो." उच्चार स्वच्छ, ओघ निर्दोष.

मी विचारले, "नालासोपाऱ्यात केळीच्या बागा कुठे आहेत गं?"

"नाहीत ना मॅडम. पण तुमच्या नोट्समध्ये तसंच आहे. आमच्याकडे चालायचं म्हणजे रिक्षावाल्यांच्या शिव्या खात स्टेशन गाठायचं. ते काय सांगणार?"

वर्ग हसला. माझ्या हातातला खडू मात्र टेबलावर ठेवला गेला तो पुन्हा उचलवेना. ग्रेसी, ते उत्तर मी तुझ्यासाठी बांधले होते. तू परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मला त्याचा इतका अभिमान वाटला की नव्या तुकडीच्या टिपणात नमुना म्हणून मी ते छापून टाकले. तू जाऊन आज पाच आठवडे झाले, आणि बावीस मुले तुझ्या नावाने माझे खोटे पाठ करीत आहेत.

हो, खोटे. तुला तर ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते!

ज्या दिवशी तू वही घेऊन माझ्या दारात उभी राहिलीस, तो दिवस आठवतो? एका हातात नवी दोनशे पानी वही, दुसऱ्या हातात सुकेळ्यांचा पुडा. तुझा पास्कल नऊ वर्षे इंग्लंडमध्ये स्वयंपाकी म्हणून राबला. अखेर तुला तिकडे बोलावण्याचे कागद झाले, फक्त तुला इंग्रजी बोलता येते याचा दाखला हवा होता. तू पायरीवर चपला काढता काढता म्हणालीस, "बाय, शाळा सुटल्यापासून इंग्रजी मी फक्त खताच्या गोणीवर पाहिलंय. होईल का गं माझ्याच्याने?"

"माझ्या हाताखाली आजवर कोणी नापास झालेले नाही," असे मी म्हटले. तुझी विचारपूस करण्याआधी मी माझी कीर्ती सांगितली. नऊ वर्षे तू एकटीने वाडी सांभाळलीस, आईची शेवटची दोन वर्षे तिचे सगळे केलेस, आणि मी तुला पाणीसुद्धा विचारले नाही. थेट वही उघडायला लावली.

माझी पद्धत तू निमूट स्वीकारलीस. रोज एक प्रश्न. दिवसभर त्यावर विचार करायचा, सायंकाळी उत्तर ध्वनिमुद्रित करून मला मोबाइलवर पाठवायचे. मी ते दुरुस्त करून परत पाठवायचे, तू ते पाठ करायचे. प्रत्येक उत्तर तीन वाक्यांचे: आधी उत्तर, मग कारण, मग उदाहरण. घर, शेजार, आवडते जेवण, हवामान असे एकेक विषय आपण उरकले. आठव्या दिवशी चालण्याचा प्रश्न आला.

आज दुपारी घरी येऊन मी तुझे ते पहिले उत्तर शोधून काढले. मागे कोंबड्यांचा आवाज आहे. तू दोनदा घसा खाकरतेस. मग तुझ्या त्या अडखळत्या इंग्रजीत सांगतेस की तू रोज घरून आगाशीच्या बाजारापर्यंत चालत जातेस. आधी डोक्यावर केळ्यांची पाटी घेऊन एका दमात जायचीस. आता वळणावरच्या क्रुसाजवळ एकदा बसतेस आणि पुढे एका बंद दुकानाच्या पायरीवर पुन्हा एकदा बसतेस. छातीवर कुणी हात ठेवल्यासारखे वाटते. पाटीही आता अर्धीच भरतेस. आणि शेवटी, माझ्या तीन वाक्यांच्या नियमाची आठवण होऊन, घाईघाईने जोडतेस: "बट आय लाइक वॉकिंग."

एवढे स्पष्ट! यापेक्षा स्पष्ट कोणी काय सांगायचे असते?

आणि मी काय केले? माझे उत्तरही त्याच फोनमध्ये आहे, तेही ऐकले. माझा आवाज मला इतका कोरडा कधी वाटला नव्हता. "ग्रेसी, उत्तर फार लांबले. परीक्षक तुझी तब्येत तपासायला बसलेला नाही, त्याला रडगाणे नको असते. प्रसन्न बोलायचे. बसण्याचा भाग पूर्ण काढून टाक. पाटीही नको. फिरायला जातेस असे म्हण." आणि त्यामागोमाग केळीच्या बागांचे ते पूर्ण उत्तर.

दुसऱ्या दिवशी तू फोन केलास, आठवतं? "मग चालण्याचं विचारतो कशाला गं तो, तब्येतीचं ऐकायचं नसेल तर?"

"तो विचारतो भाषा ऐकायला."

"अगो, आणि केळीच्या वाडीत फिरायला कोण जातं? संध्याकाळचे डास फोडून काढतात. ताजंतवानं मला चहाने वाटतं, चालून नाही."

"परीक्षकाला डास दिसत नाहीत, ग्रेसी. पाठ कर."

तू खूप वेळ हसलीस. हसता हसता तुला धाप लागली, तेही मी ऐकले आणि म्हटले, "श्वासावर ताबा ठेव. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यायचा नाही." देवा! शब्द कुठे तुटतो, स्वर कुठे चढतो, एवढे सगळे ऐकू येणाऱ्या माझ्या कानांना तेवढेच कसे ऐकू आले नाही?

परीक्षेच्या दिवशी मी तुझ्यासोबत आले होते. केंद्र तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. पहिल्या मजल्यावर तू कठडा धरून थांबलीस. ओठ पांढरे पडले होते. मी त्याला परीक्षेची धास्ती समजले आणि वर हातरुमाल पुढे केला: "घाम पूस आणि चल. उशिरा पोहोचणाऱ्याविषयी मत आधीच वाईट होते." तू माझ्याकडे पाहिलेस. काही सांगणार होतीस का गं? की तेव्हाही मनात केळीच्या बागाच घोकत होतीस?

बाहेर आलीस ती नाचतच. "बाय, चालण्याचंच विचारलं! मी सगळं म्हटलं, एक शब्द चुकले नाही!" निकाल आला तेव्हा तू घरासमोरच्या सगळ्या आळीला भजी खाऊ घातलीस. शेजारच्या फिलोमावहिनी म्हणाल्या, "आता ही मडम आपल्याशी बोलायची नाही." तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "यू वॉक ताजंतवानं, वहिनी!" सगळे हसले, मीसुद्धा.

त्यानंतर सहा आठवड्यांनी त्याच फिलोमावहिनींना तू ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली दिसलीस. सोललेली केळी सुकवायला मांडलेली, निम्मी अजून टोपलीत. त्यांना वाटले, दमून डोळा लागला. डॉक्टर नंतर म्हणाले की हृदय कित्येक महिने इशारे देत असणार. वेळीच दाखवले असते तर बरेच काही करता आले असते. ती 'वेळ' माझ्या फोनमध्ये तारखेनिशी आहे, ग्रेसी.

तुझ्यावरही रागावले आहे मी, हे लपवत नाही. तू माझे कधी ऐकलेस? लग्न माझा विरोध असताना केलेस. वाडीत विहिरीवर पंप बसवू नको म्हटले तर बसवलास. माझ्या प्रत्येक सल्ल्यावर "बघू" म्हणणारी तू, नेमके याच एका बाबतीत इतकी आज्ञाधारक का झालीस? मला फोनवर घरच्या बोलीत म्हणायचे होतेस, "बाय, खोटं नाही बोलत, मला खरंच चालवत नाही!" मी ऐकले असते.

ऐकले असते का? मला खात्री देता येत नाही.

आज एक गोष्ट मात्र कळते. तू दुसऱ्या कुणाला काही बोलली नाहीस, कारण तुला कुणी विचारलेच नव्हते. पास्कलला काळजी नको म्हणून त्याला "मी बरी" सांगायचीस. मी येत असे ती सणावारी, आणि आल्यावर तुझ्या अंगणातल्या पसाऱ्यावर टीका करीत असे. तू चालतेस का, कुठवर, कशी, हे नऊ वर्षांत प्रथमच कुणी विचारले, तेही परक्या भाषेत, परीक्षेसाठी. तू प्रश्नावर विश्वास ठेवलास. दिवसभर विचार करून खरे उत्तर दिलेस. आणि माझ्या दृष्टीने ते उत्तर सदोष ठरले.

गेल्या रविवारी चर्चमध्ये तुझी महिन्याची मिस्सा झाली. नंतर दफनभूमीत पास्कल तुझ्या क्रुसापाशी उभा राहून एकेकाला विचारत होता. "वहिनी, तुम्हाला काही बोलली होती? तुम्ही शेजारी ना?" फिलोमावहिनींनी नकारार्थी मान हलवली. मग तो माझ्याकडे वळला. "बाय, तुम्ही तर रोज बोलत होता तिच्याशी. काहीच म्हणाली नाही?" शब्दांना मी आजवर कधी घाबरले नव्हते. त्या क्षणी मी म्हटले, "नाही रे. परीक्षेचंच बोलणं व्हायचं." तो म्हणाला, "मग फक्त माझ्यापासूनच नाही लपवलं तिने. सगळ्यांपासूनच लपवलं." आणि तुझ्याविषयीचा तो राग उराशी घेऊन तो घरी गेला. परवा तो इंग्लंडला परत निघतो. तिथे आयुष्यभर म्हणत राहील की माझ्या बायकोने मला फसवले.

तू फसवले नव्हतेस. तू सांगितले होतेस. हे जगात फक्त मला माहीत आहे, आणि मी गप्प बसले, कारण विद्यार्थ्यांच्या, शेजाऱ्यांच्या, त्या साध्या माणसाच्या नजरेत मला अजूनही अचूक राहायचे होते.

ग्रेसी, उद्या सकाळी मी नंदाखालला येते. पास्कल सामान बांधत असेल. मी त्याला ओट्यावर बसवीन आणि तुझे पहिले उत्तर ऐकवीन, कोंबड्यांसकट, खाकरण्यासकट, अगदी शेवटच्या वाक्यापर्यंत. त्यानंतर माझी दुरुस्तीही ऐकवीन, तीही पूर्ण. तो ओरडेल, कदाचित माझे तोंड पुन्हा पाहणार नाही. तो त्याचा हक्क आहे. तो विचारील, "तुम्ही असं का केलंत?" या प्रश्नाला काय म्हणायचे ते मी रात्रीतून जुळवून ठेवणार नाही, असे तुला वचन देते. अडखळेन, पण त्याच्यासमोरच बोलेन.

तुझी थोरली बहीण,
मार्था