पहिल्या रविवारची पेटी

तात्या, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर आधी तुमची पेटी आठवावी लागते, मग तिच्यामागून आवाज येतो. मी काही लिहिणारा माणूस नाही. शाळा आठवीत सुटली, आणि त्यानंतर एका गावात बूड टेकलं नाही. कधी पणदऱ्यात गुऱ्हाळावर, कधी ट्रकवर क्लीनर, कधी सोलापूरकडं लग्नाच्या बँडमध्ये. ढोलकी तेवढी सुटली नाही, आणि ती तुम्हीच हातात दिलेली. पण मी दुसरीकडंच चाललो. सांगायचं आहे ते रविवारचं.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. सकाळची इंदापूर-बारामती एसटी, तुमच्या मांडीवर पेटी, माझ्या मांडीवर काही नाही, कारण ढोलकी पाळकसाहेबांनी बारामतीच्या चर्चच्या कपाटातच ठेवून घेतली होती. निमगावात विड्याच्या पानांच्या पाट्या टपावर चढायच्या आणि सगळ्या बसला हिरवा ओला वास यायचा. तिथं भजनाला वाजवायला येतोस का, असं पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मी म्हणालो होतो, "चर्चमधी आपल्याला काय येतंय, तात्या?" तुम्ही म्हणालात, "ताल येतोय न्हवं? मग झालं." आणि खरंच झालं. त्यांची भजनं आपल्यासारखीच, टाळावर चालणारी. सुरुवातीला पाळकसाहेब उभे राहून सांगायचे, "आज पुन्हा इंदापूरचे पाहुणे कलाकार आपल्यात आहेत," आणि बाकांवरची सगळी मंडळी आपल्याकडं बघून हसायची. पुढच्या बाकावरची एक म्हातारी मला म्हणायची, "पाव्हणं, जरा दमानं बडवा. देव काय बहिरा न्हाय." मला ते हसणं आवडायचं. कुठं गेलं की चार माणसं ओळखीचं हसतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मात्र तुम्ही मला न्यायचा नाहीत. त्या दिवशी त्यांचं प्रभुभोजन. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांनीच घ्यायचा. "ते त्यांचं घरचं असतंय, आपण पाव्हणं मधी कशाला?" असं म्हणायचात, आणि स्वतः वालचंदनगरला कुणाची तरी पेटी दुरुस्त करायला निघून जायचात. मला कधी शंका आली नाही. शंका घ्यायला माणूस एका जागी बसावा लागतो.

वस्तीतली माणसं एका जागी बसलेली होती. त्यांना आली. विहारात एका संध्याकाळी आबांनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. आबा म्हणजे वस्तीत सगळ्यात म्हातारे, त्यांचा शब्द कुणी मोडत नसे. "का रं, तुजा मास्तर बाटला म्हन्त्यात. खरं का?" मी म्हणालो, "आबा, तात्या लग्नात वाजिवत्यात, जयंतीला वाजिवत्यात, तसंच तितं वाजिवत्यात." मागून कुणीतरी बोललं, "आन् वाजवता वाजवता येक दिस गळ्यात क्रूस." लोक हसले. मला राग आला. आबा म्हणाले, "मग बाबासाहेबांच्या फोटोपुढं उभा ऱ्हाऊन सांग." मी उभा राहिलो. हात जोडले आणि सांगितलं की तात्यांनी धर्म सोडलेला नाही, मी सावलीसारखा संगं असतो, मला म्हाईत हाय. तुम्ही भिंतीला टेकून बसला होतात, तात्या. पेटीचा भाता फडक्यानं पुसत होतात. काकू, म्हणजे तुमच्या मंडळी, बायकांच्यात बसल्या होत्या. तुम्ही वर बघितलं नाहीत. मला वाटलं, भरून आलं असेल.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी पणदऱ्याला कुस्त्या बघायला गेलो आणि नेहमीसारखा तिथंच रेंगाळलो. कितवा रविवार कितवा शनिवार, कसलं भान. तिथूनच तडक बारामती गाठली, म्हटलं तात्या येतीलच. चर्चमध्ये शिरतो तर तुम्ही सतरंजीवर, पेटी पुढ्यात. मला बघून तुमची बोटं क्षणभर थांबली. मग कपाटाकडं मान हलवलीत. मी ढोलकी घेतली आणि बसलो. पुढं भाकरी आणि द्राक्षरस मांडलेला बघून कळलं की आज पहिला रविवार; वालचंदनगर कसं काय राहिलं, असं विचारायचं होतं, पण उपासना सुरू झाली होती. उपदेश झाला. पाळकसाहेबांनी बाप्तिस्मा घेतलेल्यांना पुढं बोलावलं, लोक एकेक करून कठड्यापाशी गुडघे टेकायला लागले, आणि आपण दोघं हळू चाल धरून बसलो. मी डोळे मिटून वाजवतो आहे. वाजवता वाजवता कळतं, की ढोलकी एकटीच वाजते आहे. डोळे उघडले तर भाता बंद, सतरंजी रिकामी. तुम्ही कठड्यापाशी गुडघ्यांवर, ओंजळ पुढं केलेली, आणि पाळकसाहेब तुमच्या हातावर तुकडा ठेवतायत. बाकांवर कुणालाच नवल नाही. ती म्हातारीसुद्धा माझ्याकडं बघते, हसत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. पाहुणा एकटा मीच होतो.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "कवा?"

"तुला न्याया लागायच्या आदी."

"मग मला कशाला न्येलं?"

"तू संगं असलास की कुणी इचारत न्हवतं."

"आन् त्या दिशी विहारात?"

"निमगाव आलं," तुम्ही म्हणालात. "च्या घ्यायचा का?"

मी चहाला उतरलो आणि परत चढलो नाही. बस पानांच्या पाट्या घेऊन निघून गेली. तुम्ही मागं वळून बघितलंत की नाही, ते मी बघितलं नाही.

धर्म बदलला याचा राग नव्हता, तात्या. माझा आजाही छप्पन्नला एक धर्म सोडून दुसऱ्यात गेला. पण तो दिवसाउजेडी गेला, सगळ्या भावकीला बरोबर घेऊन, आणि घरी येऊन आजीला सांगितलं. तुम्ही एकटे गेलात आणि मला दारात उभं केलंत, येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून. मला सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, हे मी खूपदा घोळवलं आहे. कदाचित बोंबलत सुटलो असतो. कदाचित नुसतं म्हटलं असतं, बरं, मग ताल कोणता धरू? ते तुम्ही मला ठरवूच दिलं नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी सोलापूरकडं होतो. कळून आलो तोवर सगळं उरकलं होतं, बुद्धवंदना म्हणून, आपल्या रीतीनं. म्हणजे शेवटपर्यंत तुम्ही घरी बोलला नव्हतात.

मागच्या महिन्यात काकूंकडं गेलो होतो. खरं सांगतो, सांगून टाकायलाच गेलो होतो. किती दिवस मी एकट्यानं वागवायचं? त्यांनी चहा ठेवला. डोळ्यांना आता कमी दिसतं, नातू पेपर वाचून दाखवतो. म्हणाल्या, "लोकं काय बी बोलत हुती रं. तू त्येवडा बाबांच्या फोटोपुढं उभा ऱ्हायलास. तुज्या शब्दावर मी त्यांच्यासंगं नांदले. न्हायतर माज्या मनात बी किडा हुताच." मग कपात साखर हलवत विचारलं, "खरं हुतं न्हवं ते?"

मी म्हणालो, "व्हय काकू."

म्हणून हे कागद त्या घरात ठेवता येत नाहीत. नातू वाचून दाखवेल. चर्चमध्ये द्यावेत तर पाळकसाहेब दुसरेच आलेत, त्यांना तुम्ही कोण आणि मी कोण. शर्टाच्या आतल्या खिशात घडी घालून ठेवतो, घामानं अक्षरं जातील तेव्हा जातील. एवढंच कबूल करतो, की "व्हय" म्हणताना माझी जीभ जराही अडखळली नाही. त्या संध्याकाळी विहारात गप्प बसणं तुम्हाला इतकंच सोपं गेलं होतं का, तेवढं मात्र मला अजून कळत नाही.